टॉवेलखालचा ड्रम

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. म्हणाले, "ताई, दिवाळी अंकासाठी लिहा. विषय असा, की स्त्री असूनही तुम्ही ड्रम कसे वाजवता." मी म्हटलं, काठ्यांनी. मग म्हणाले, तसं नाही हो, म्हणजे तुमचा संघर्ष वगैरे. संघर्षाचं एवढंच सांगते, की नऊवारी नेसून मोठ्या ड्रमचं पेडल मारायचं असेल तर काष्टा घट्ट हवा आणि पदर कमरेला नीट खोचलेला हवा. नाहीतर तो झांजेत अडकतो आणि अख्ख्या हॉलला संघर्ष दिसतो. झाला तो विषय. आता मला हवं ते लिहिते.

मी प्रमिला घाग. राहते दहिसरला. तीसेक वर्षं एका महिला वाद्यवृंदात ड्रमसेट वाजवतेय. वाद्यवृंद माझ्या मैत्रिणीचा, शुभदाचा. ती गाते, तीच मालकीण, पोस्टरवर फोटोही तिचाच. आमची गिऱ्हाइकं म्हणजे हळदीकुंकू, मंगळागौर, सोसायटीचा रौप्यमहोत्सव, नगरसेवकाच्या आईची पंच्याहत्तरी. एकदा घाटकोपरला सोसायटीचे सेक्रेटरी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हात जोडून आले. म्हणाले, "ड्रम जरा बेताने हां, चौथ्या मजल्यावर आजोबा आजारी आहेत." मी बेताने वाजवलं. मध्यंतरात ते आजोबा लिफ्टने खाली आले, पहिल्या रांगेत बसले आणि म्हणाले, त्या ड्रमवालीला काय झालंय, आजारी आहे का.

ही आमच्या लाइनीतली कसोटी. ड्रमर चांगला की वाईट हे शेवटच्या रांगेतल्या बाईने कानावर हात ठेवला की नाही यावर ठरतं. या हिशोबाने मी फारच चांगली होते.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगते. ड्रमसेट म्हणजे एकाच माणसाने चारी हातपाय वेगवेगळ्या कामांना लावायचं वाद्य. उजवा पाय मोठ्या ड्रमवर. डावा पाय आणि उजवा हात एकावर एक ठेवलेल्या दोन झांजांवर. आणि डावा हात स्नेअरवर. स्नेअर म्हणजे दोन गुडघ्यांच्या मधला छोटा ड्रम, ज्याच्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या असतात. गाण्यात ज्या ठोक्यावर तुम्ही टाळी देता, तो या डाव्या हाताचा. माझ्या डाव्या हाताला तीस वर्षं एकच काम माहीत होतं, आणि ते तो दणक्यात करायचा.

कार्यक्रम नसले की मी शिकवते. साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतलाय. लोक विचारतात, संगीताचा क्लास तिथे कसा? अहो, तिथेच. सोसायटीत ड्रम वाजवला की तिसऱ्या दिवशी नोटीस येते. इथे शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालते, पलीकडे पत्रा कापतात, आणि तक्रार केलीच तर मी करू शकते. विद्यार्थी नाना तऱ्हेचे. कुणाच्या आईला मुलगा टीव्हीवर हवा असतो, दिवाळीच्या आत. कुणी आयटीतला मुलगा येतो, म्हणतो बॉसचा राग काढायचाय. काढ बाबा, कातडं फाटलं तर नवं तू आणायचं. हल्ली कातडं प्लॅस्टिकचं असतं, पण आम्ही कातडंच म्हणतो.

अशीच एक दिवस डॉक्टर अनुजा आली. अंधेरीला दातांचा दवाखाना, चाळिशी उलटलेली, बोलणं मऊ, ड्रमसेट माझ्यापेक्षा भारी. अशा लोकांचा मला राग येतो. आधी वस्तू घेतात, मग हौस शोधतात. दुसऱ्याच आठवड्यात बाई विचारतात, "मॅम, आपण घोस्ट नोट्स कधी घेणार?"

मी म्हटलं, "आमच्या लाइनीत तसलं काही नसतं. ठोका असतो नाहीतर नसतो."

तिने पर्समधून फोन काढला आणि एक व्हिडिओ लावला. शेजारी प्रेस धाडधाड चाललेली, म्हणून तिने इअरफोनचं एक बोंडूक माझ्या कानात घातलं. कुणीतरी टकल्या परदेशी माणूस वाजवत होता. साधाच ताल. पण त्याच्या दोन टाळ्यांच्या मध्ये डावा हात गप्प बसलेला नव्हता. काठी कातड्याला जेमतेम टेकत होती, पुन्हा टेकत होती. ऐकू येतंय म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर मान हलायला लागली होती. मी ते तीनदा लावायला सांगितलं.

या त्या घोस्ट नोट्स. ऐकायला नसतात, पण काढून घेतल्या तर गाणं लंगडतं. जिन्यावर अंधार असला तरी कठड्यावर हात ठेवला की पायरी बरोबर सापडते ना, तसं काहीतरी. एका मोठ्या ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं, हे त्या गाणाऱ्याला गुपचूप सांगत राहतात.

मी म्हटलं, ह्यात काय आहे, हळू वाजवायचं. बसले आणि वाजवलं. माझ्या हातून जे निघालं त्यातलं एकही भूत नव्हतं, सगळी धडधाकट माणसं होती. शेजारच्या प्रेसवाल्याने डोकावून बघितलं.

"मॅम, तुम्ही मारताय," अनुजा म्हणाली.

"ड्रम आहे. आरती ओवाळू का?"

"नाही, बघा ना." तिने काठी घेतली आणि त्या बाईने, जिला धड काठी धरता येत नव्हती, पहिल्या झटक्यात ते केलं. टुकटुक, टुक. म्हणाली, "पेशंटला विचारते ना, इथे दुखतंय का, तेव्हा आरशाच्या दांडीने दातावर असंच करते. मारलं तर पेशंट परत कशाला येईल?"

माझा चेहरा पडला. फी ती मला देत होती आणि शिकत मी होते. रागाने मी त्या दिवशी क्लास लवकर सोडला. लोखंडवाल्याशेजारच्या चहाच्या टपरीवर उभी राहून चहा प्याले आणि डाव्या हाताकडे बघत बसले. इतक्या वर्षांत त्या हाताचा मला पहिल्यांदाच संशय आला.

घरी येऊन रियाज सुरू केला. मग कळलं की अडचण हळू वाजवण्यात नाहीच. अडचण मोठ्या ठोक्याच्या नंतर आहे. मोठा ठोका दिला की काठी उसळून वर जाते, आणि वर गेलेली काठी खाली जोरातच येते. म्हणून ठोका दिल्या दिल्या तिला खालीच पकडायचं, कातड्यापासून दोन बोटांवर, आणि तिथून नुसतं सोडायचं. मारायचं नाही, सोडायचं. लिहायला किती सोपं आहे बघा. मला त्यात अख्खा पावसाळा गेला.

आमच्या घरी मापयंत्र होतं, ते म्हणजे मिस्टर. कुरिअर कंपनीतून रिटायर झाल्यापासून ते संध्याकाळी बातम्या लावून बसतात. मी मागे खुर्ची टाकून रबराच्या पॅडवर वाजवायचे. माझा हात जड पडला की ते मागे न बघता रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवायचे. मूळचे मालवणचे, चिडले की मालवणीत जातात. म्हणायचे, "गो, एकतर तू बडव, नायतर माका बातम्यो ऐकूक दी." टीव्हीवर चार माणसं एकदम ओरडत असायची, त्याचं यांना काही नाही. माझं टुकटुक तेवढं खुपायचं. पण मला ते बरंच पडलं. रिमोट उचलला की समजायचं, चुकलं. आवाज एक एक पायरी वाढत जायचा आणि शेजारच्या खाडेवहिनी भिंतीवर थापटायच्या, की तुमचा टीव्ही कमी करा. ड्रम कमी करा असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं नव्हतं.

आणि मग गणपतीच्या आसपास एका संध्याकाळी मी पूर्ण बातम्याभर वाजवलं. रिमोट जागचा हलला नाही. जाहिराती लागल्या तेव्हा मिस्टर मागे वळले आणि म्हणाले, "आज बडवूचा नाय तुका?"

मला रडू आलं. खरंच आलं. त्यांना वाटलं काहीतरी चुकीचं बोलले, म्हणून उठून चहा केला.

आता याच सुमारास आमच्या वाद्यवृंदात लॅपटॉप आला. शुभदाच्या बहिणीचा मुलगा, चिन्मय. वय पंचविशीचं, दाढी नीट कोरलेली, साऊंडचा कोर्स केलेला. मनाने वाईट नाही, पण आपल्या जन्माआधी जगात काही चाललं होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मावशी, सगळं यात आहे. तबला, ढोलकी, ड्रम, बासरी, झकास साऊंड. नो टेन्शन." दोन महिन्यांत ढोलकीवाली पुष्पा गेली, बासरीवाली गेली. उरलो ते स्टेज भरण्यापुरते.

मी शुभदाला म्हटलं, "मग मला तरी कशाला ठेवतेस?"

ती म्हणाली, "अगं, पोस्टरवर शंभर टक्के महिला छापलंय. बायका दिसायला नकोत का?"

म्हणजे बघा. पडद्यामागे एक दाढीवाला मुलगा बटण दाबणार, पुढे आम्ही चार बायका नऊवारी नेसून हातवारे करणार, आणि निवेदिका माइकवर सांगणार की आजच्या स्त्रीने कुठलंच क्षेत्र सोडलेलं नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. मला तर कधी कधी उभं राहून सांगावंसं वाटायचं, की ही टाळी लॅपटॉपच्या चार्जरला द्या.

माझा माइक काढला. पण ड्रम जातीचाच दांडगा, माइक नसला तरी वाजतो. चिन्मय म्हणाला, "काकू, तुमचा आवाज ट्रॅकशी भांडतो यार. नुसते हात हलवा ना." आणि त्याने घरून एक टॉवेल आणला. निळ्या पट्ट्यांचा, अंघोळीचा, एका कोपऱ्याला विरलेला. तो त्याने स्वतःच्या हाताने माझ्या स्नेअरवर पसरला आणि कडा खोचल्या, जसा पिठाच्या डब्यावर पंचा घालून ठेवतात.

तुम्ही म्हणाल, सोडून का नाही दिलंत. ड्रमरच्या त्या गोल स्टुलाला आमच्यात थ्रोन म्हणतात, सिंहासन. माझ्या सिंहासनाचा फोम बाहेर आलाय आणि एक पाय वाकडा आहे. पण ते मला हवं होतं. गाळ्यात शिकवणं वेगळं. गाणाऱ्याच्या पाठीमागे बसणं, तिच्या खांद्यांकडे बघत वाजवणं, हे मी आयुष्यभर केलं होतं आणि ते गेलं असतं तर मी काय करायचं होतं? भिशी? एकदा उठलं की त्या स्टुलावर परत कुणी बसवत नाही, हे मी पुष्पाच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून टॉवेल तर टॉवेल.

बसल्या बसल्या मी रियाज करायला लागले. माइक नाही, टॉवेल अंथरलेला, कुणी ऐकत नाही, वर मानधन मिळतंय. असा रियाज राजाच्या दरबारातल्यालाही मिळाला नसेल. लॅपटॉप मोठे ठोके देत होता, मी मधल्या जागा भरत होते. काही कार्यक्रमांनंतर मी टॉवेल एका बाजूने जरा सरकवला. शुभदा वळून बघेल म्हणून श्वास रोखून धरला होता. तिला मागचा जास्तीचा आवाज लगेच खटकतो, सगळ्यांसमोर डोळे वटारते. तिने बघितलं नाही. पुढच्या वेळी अर्धा सरकवला. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात तर मी टॉवेल काढून मांडीवरच घेतला, वरून पदर. उघड्या स्नेअरवर पूर्ण कार्यक्रम वाजवला आणि हातभर अंतरावर उभी असलेली शुभदा एकदाही वळली नाही. मनात म्हटलं, प्रमिले, आलं तुला.

इथे शुभदाची एक गोष्ट सांगायला हवी. सुरात ती पक्की आहे, पण अंतऱ्यात पळते. संथ गाणं असलं की हमखास. आम्ही सगळ्या होतो तेव्हा मी तिच्या मागे पळायचे, माझ्या मागे ढोलकी, ढोलकीच्या मागे बासरी, आणि सगळ्या एकदम पोचायचो. कुणाला पत्ता लागायचा नाही. लॅपटॉप कुणाच्या मागे पळत नाही. पहिल्या काही कार्यक्रमांत ती ट्रॅकच्या पुढे जाऊन उभी राहायची आणि घरी येऊन चिन्मयला झापायची, की तुझा कॉम्प्युटर स्लो आहे. नंतर हळूहळू तिचं पळणं थांबलं. का थांबलं हे तिला माहीत नव्हतं. चिन्मय म्हणाला, "मावशी, मी मॉनिटरचं सेटिंग बदललंय." मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याच्या पुढ्यात ठेवलेला तिच्यापुरता स्पीकर. तिने त्याला शर्टाचं कापड घेतलं.

तेव्हा मी बोलले नाही. पाठीमागून आपण एका बाईला धरून ठेवलंय आणि तिला कळतही नाही, याची मला मजा वाटत होती. ती मजा मला महागात पडली.

जानेवारीत शुभदाचा फोन आला. "प्रमिला, या वेळच्या हळदीकुंकवांना जरा तरुण चेहरा ठेवूया का? चिन्मय म्हणतो रील्स चांगल्या येतील. तू आराम कर गं, गुडघे दुखतात ना तुझे."

माझे गुडघे दुखत नाहीत. तिचे दुखतात.

तरुण चेहरा म्हणजे रिया. कॉलेजातली मुलगी, गोड आहे, तिचा काही दोष नाही. ड्रम तिला येत नव्हता, पण काठ्या बोटांवर गरगर फिरवायची, आणि गाणंभर हसायची. मला ते कधी जमलं नाही. मी वाजवताना माझं तोंड मिस्टरांच्या म्हणण्याप्रमाणे भाजीवाल्याशी भाव करताना होतं तसं असतं.

मी कुणालाही न सांगता काठ्या कपाटात वर टाकल्या. फार वाईट गेले ते दिवस. क्लासमध्ये पोरांवर ओरडले, आयटीवाल्याला म्हटलं की तुझा बॉस बरोबर आहे. अनुजाने सगळं काढून घेतलं माझ्याकडून, दात काढतात तसं, बोलता बोलता. आणि म्हणाली, "आमच्याच सोसायटीत आहे ना त्यांचं हळदीकुंकू. तुम्ही यायचं. माझी पाहुणी म्हणून."

गेले. मानाने जायचं म्हणून काठापदराची नेसले. अंधेरीच्या त्यांच्या सोसायटीच्या पोडियमवर मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून एक झाकणाचा डबा हातात दिला. तिसऱ्या रांगेत बसलो. स्टेजवर माझा ड्रमसेट, माझं सिंहासन, वर रिया. स्नेअरवर निळ्या पट्ट्यांचा टॉवेल.

पहिली दोन-तीन गाणी जलद होती, निभावली. मग शुभदाने ते तिचं ठेवणीतलं संथ गाणं घेतलं. मुखडा छान गायली. अंतरा सुरू झाला आणि मला तिचे खांदे पुढे झुकलेले दिसले. गेली, मी अनुजाला म्हटलं. लॅपटॉप आपल्या वाटेने, शुभदा आपल्या. ती मुखड्यावर येऊन उभी राहिली आणि ट्रॅक अजून अंतऱ्यातच रेंगाळत होता. तिने ओळ पुन्हा घेतली, तर या वेळी मागे पडली. तिने वळून रियाकडे बघितलं. रियाने हसून काठी फिरवली. पडद्याआडून चिन्मयचं डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं. शेवटी शुभदाने प्रेक्षकांना टाळ्या द्यायला सांगितलं. बायकांच्या हातात डबे, त्यांनी डब्यांवर ताल धरला, प्रत्येकीचा वेगळा.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, सणसणीत आनंद झाला. पण दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज कापायला लागला, आणि तीस वर्षांत तो मी कधी कापताना ऐकला नव्हता. माझी बोटं आपोआप मांडीवरच्या डब्यावर चालायला लागली. अनुजाने माझ्या बोटांकडे बघितलं.

दोन दिवसांनी शुभदा दहिसरला आली, चिन्मयला घेऊन. सफरचंदं आणली होती. बसली, पंखा वाढवायला सांगितला, थंडी असून. मग म्हणाली, "त्या सोसायटीचा साऊंड अगदीच भंगार होता."

"हो का?"

"आणि रियाची परीक्षा आहे. मुलुंडचा शो तू कर. तू मागे असलीस की मला बरं वाटतं."

"बरं का वाटतं, ते माहितीय का तुला?"

"सवय गं."

"सवय नाही. मी वाजवत होते."

"काहीतरीच काय. तुझा माइक तर बंद होता."

चिन्मय म्हणाला, "आणि टॉवेल पण होता ना, काकू."

मी उठले, पॅड घेतलं, कपाटातून काठ्या काढल्या. म्हटलं, शुभदा, ते गाणं म्हण. संथ, हळदीकुंकवातलं. ती म्हणाली, आत्ता? मी म्हटलं, आत्ता. आतल्या खोलीत मिस्टरांच्या बातम्या चालल्या होत्या. तिने गुणगुणायला सुरुवात केली, मी ठोका धरला, मध्ये माझं टुकटुक. मुखडा झाला, अंतरा झाला, ती सरळ रस्त्याने चालल्यासारखी गेली. दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर मी बारीक नोट्स काढून घेतल्या. मोठा ठोका तसाच ठेवला, त्याच गतीने. नुसती मधली भर काढली.

शुभदा दोन शब्द पुढे गेली, अडखळली, थांबली. आणि आतून मिस्टरांचा आवाज आला, "थांबलंस कित्याक गो?"

चिन्मय पॅडकडे बघत होता. शुभदाने पंख्याकडे बघितलं, मग माझ्या डाव्या हाताकडे, मग सफरचंदांकडे. ती सॉरी म्हणणारी बाई नाही. शाळेपासून ओळखते मी तिला. तिने कपातला थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाली, "तुला काय हवंय ते बोल."

"लॅपटॉपमधला स्नेअर बंद करायचा. बाकी असू दे. डावा हात माझा."

चिन्मय म्हणाला, "काकू, तेवढा एकच ट्रॅक म्यूट केला तर सगळं लूज पडेल. वाट लागेल शोची."

शुभदा त्याला म्हणाली, "म्यूट कर."

मुलुंडचा शो मोठ्या हॉलमध्ये होता, तिकीट लावून. पुरुषही आले होते. मी माझ्या वाकड्या पायाच्या सिंहासनावर बसले, काष्टा घट्ट, पदर खोचलेला. चिन्मयने माइक लावला आणि म्हणाला, "काकू, काही गडबड झाली तर मी लगेच ट्रॅक ऑन करतो, ओके?" त्याचं एक बोट कार्यक्रमभर बटणावर होतं. ते त्याने एकदाही दाबलं नाही. शुभदा संथ गाणं गायला उभी राहिली तेव्हा तिने अंतऱ्याआधी एकदा मागे बघितलं. डोळे वटारून नाही. मग वळून ती गायली, आणि अशी गायली की मला वाजवताना मान वर करावी लागली. वन्समोअर आला. तिने तो घेतला आणि दुसऱ्यांदा तर जरा जास्तच सावकाश गायली, मुद्दाम, मला छळायला.

शो संपल्यावर मी खाली बसून ड्रमचे स्क्रू सैल करत होते. घामाने भिजले होते, तो टॉवेल गळ्यात होता. एवढ्यात एक वयस्कर गृहस्थ स्टेजवर चढून आले. बारीक चौकड्यांचा शर्ट, डोळ्यांत पाणी, हातात काठी. माझ्या अगदी बाजूने गेले, म्हणाले, "जरा सरका हं बाई." मी सरकले. ते थेट चिन्मयसमोर जाऊन उभे राहिले.

"ते संथ गाणं," ते म्हणाले, "काय वाजलं हो ते मागे. मी पूर्वी तबला वाजवायचो, मला कळतं. हल्लीचे कॉम्प्युटर अगदी माणसासारखे वाजवतात. तुमच्या बोटांत जादू आहे."

चिन्मयने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मग त्याने छातीवर हात ठेवला, जरासा वाकला आणि म्हणाला, "थँक यू, अंकल."

ते गृहस्थ जिना उतरेपर्यंत मी थांबले. मग गळ्यातला टॉवेल काढला, नीट चौकोनी घडी घातली आणि चिन्मयच्या लॅपटॉपवर ठेवली.

"पूस त्याला," मी म्हटलं. "घाम आला असेल रे बिचाऱ्याला."